शंभर वाव केबल

ज्याने आपल्याला पहिली नोकरी दिली त्याच्याविषयी वाकडं बोलू नये, असं मला घरीही शिकवलं आणि शाळेतही. म्हणून चांगलं ते आधी सांगून टाकते. आमच्या चीफ इंजिनीअर साहेबांनी मला नोकरी दिली. हैदराबादेत माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं, हातात पदवीच्या कागदाशिवाय काही नव्हतं आणि मुलाखतीला आलेल्यांत मी एकटीच मुलगी होते. साहेबांनी गाव विचारलं. उदगीरजवळचं, असं सांगितल्यावर ते इंग्रजी सोडून मराठीत आले आणि म्हणाले, "पाठांतर कसं आहे?" चांगलं आहे, म्हटलं. त्यांनी कागदावर खूण केली आणि नोकरी मिळाली. त्यांच्याविषयी सांगण्यासारखं चांगलं इथे संपतं.

तेव्हा खासगी वाहिन्यांचं नुकतंच पेव फुटलं होतं. आमचे मालक तेलुगू होते, तंबाखूच्या व्यापारातले. विद्यानगरच्या मागच्या रस्त्यावर त्यांची गोदामं होती. तंबाखू हलवून तिथे त्यांनी स्टुडिओ उभा केला, पण पावसाळी हवेत भिंतींना अजून वास यायचा आणि निवेदिका शिंकत. मालकांना यंत्रांतलं काही कळत नव्हतं आणि ते तसं मोकळेपणाने सांगत. त्यांना वाटे, आपल्याकडे चीफ आहेत.

साहेबांचं घर बरकतपुऱ्यात. तीन पिढ्या सरकारी नोकरी, मास्तरकी आणि वकिली केलेलं जुनं हैदराबादी मराठी घराणं. स्वतः साहेब तीसेक वर्षं सरकारी नोकरीत टेलिव्हिजनची यंत्रं सांभाळून इकडे आले होते. अंगाने काटकुळे, पण हात विलक्षण लांब. उभे राहिले तर बोटं गुडघ्याजवळ येत. ते हात हेच त्यांचं मोजमापाचं साधन होतं. टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. "टेप ताणली जाते. हात ताणला जातो काय?" असं विचारून ते केबलचं वेटोळं घेऊन व्हरांड्यात उभे राहत, दोन्ही हात पसरत आणि वावांनी केबल मोजत; एका हाताच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत एक वाव. त्या वेळी व्हरांड्यातून जाणाऱ्याने भिंतीला चिकटून उभं राहायचं. एकदा मालकही उभे राहिलेले मी पाहिले आहेत. मोजताना पहिल्या वावाला ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. मग दोन, तीन. माझ्या वडिलांची पिठाची गिरणी आहे. तिथे धान्य मापताना असंच म्हणतात. पहिल्या दिवशी ते ऐकून मला उगाच आपलेपणा वाटला होता. तो फार दिवस टिकला नाही.

सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबली अगदी सारख्या लांबीच्या पाहिजेत, हा साहेबांचा कायदा होता. जवळचा कॅमेरा असो की लांबचा. सर्वांत लांबच्या कॅमेऱ्याला जेवढी केबल लागेल तेवढीच सगळ्यांना, आणि उरलेली गुंडाळून भिंतीला टांगायची. खरं सांगायचं तर जुन्या यंत्रांच्या काळात हे खूळ नव्हतं, ती विद्या होती. दोन कॅमेऱ्यांची चित्रं, ती जोडणाऱ्या यंत्रापाशी एकाच क्षणी पोचली पाहिजेत. एक मागे राहिलं तर चित्र बदलताना माणसाचा चेहरा हिरवा-जांभळा होई. आमचे वायरमन रियाजभाई साहेबांबरोबर पूर्वीपासून होते. ते सांगत, "साब पडदा देखके बोलते थे, दो नंबर की केबल चार उंगल जास्ती है. नापे तो बराबर चार उंगल!" मी ते खरं मानते. पण त्या टांगलेल्या वेटोळ्यांना रियाजभाईच जिलेब्या म्हणत, हेही सांगायला हवं.

आमच्याकडे आलेली यंत्रं नवी होती. त्यांत चित्र लहरींच्या रूपाने जात नसे. त्याचे आकडे होत आणि ते आकडे एका केबलीतून एकामागून एक धावत. पुढचं यंत्र आलेलं प्रत्येक चित्र क्षणभर थोपवून धरी, सगळ्यांना रांगेत उभं करी आणि मग सोडी. केबली सारख्या असण्याची गरजच उरली नव्हती. हे मी पुस्तकात वाचलं. आणि पुस्तक मला कसं वाचायला मिळालं, त्यातच साहेबांचं सगळं चित्र आहे.

यंत्रांबरोबर आलेली पुस्तकं साहेबांच्या लोखंडी कपाटात असत आणि कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला. पुस्तक मागितलं की म्हणत, "पुस्तक नक्को, नजर पाहिजे." मी चार दिवस मागत राहिले. पाचव्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, शर्टाची दोन बटणं सोडली, किल्ली काढली, कपाट जेमतेम हात जाईल एवढं उघडलं आणि एका पानाची झेरॉक्स काढून आणायला रियाजभाईंना पाठवलं. ते एक पान मला दिलं. "उद्या दहा वाजता म्हणून दाखवायचं. एक दिवस, एक पान."

मला राग आला नाही, उलट आनंद झाला. पाठांतरावरच मी गावच्या शाळेतून इथवर आले होते. दुसऱ्या दिवशी साहेब खुर्चीत डोळे मिटून बसले. मी इंग्रजीतून पान म्हटलं.

"अर्थ?"

मी मराठीत अर्थ सांगितला.

"समजलं तुम्हाला?"

"हो साहेब."

"हौ. उद्या दुसरं पान."

असं बारा दिवस चाललं. बाराव्या दिवशी दुपारी काही कागद घेऊन मी मालकांच्या खोलीत गेले. साहेब तिथे बसले होते आणि मालकांना नव्या यंत्राची गोष्ट समजावत होते. वाक्यं माझी होती. सकाळी मी जिथे अडखळले होते तिथेच तेही अडखळले. मी पुढच्या वेळी कपाट उघडताना वाकून पाहिलं. वरचं एक पुस्तक सोडलं तर सगळ्यांवरचं प्लास्टिक तसंच होतं. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला नवं काही शिकायचं तर शिकावं, त्यात लाज कसली? माझे वडील पन्नाशीत सही करायला शिकले, तेही माझ्याच पाटीवर, शेजारपाजारच्यांदेखत. पण साहेबांना शिकायचं होतं आणि शिकताना दिसायचं नव्हतं. म्हणून त्यांनी एक मुलगी नेमली होती.

चौदाव्या पानावर लिहिलं होतं की, केबलीतून येताना चित्राचं जे नुकसान होतं ते हे यंत्र आपोआप भरून काढतं. वाक्य तिथे संपत नव्हतं. पान संपत होतं.

मी म्हटलं, "साहेब, वाक्य अर्धं आहे. पुढचं पान मिळालं तर—"

"एक दिवस, एक पान."

त्याच दुपारी नव्या हॉलच्या केबलीचं ठरणार होतं. मागचं मोठं गोदाम झाडून नवा हॉल केला होता आणि तिथली चित्रं छपरांवरून जुन्या इमारतीतल्या कंट्रोल रूममध्ये आणायची होती. साहेबांनी मालकांना सांगितलं की हे यंत्र केबलीचं सगळं नुकसान आपोआप भरून काढतं, तेव्हा जाड केबल आणायचं कारण नाही. बारीक चालेल, कितीही लांब चालेल. दाराजवळच्या एक नंबरच्या कॅमेऱ्याला साठ वाव लागत होते, मधल्या दोन नंबरला पंचाहत्तर, हॉलच्या टोकाच्या तीन नंबरला नव्वद. साहेबांनी त्यावर दहा वाव जास्तीचे धरले आणि तिघांनाही शंभर-शंभर वाव ठरवले. मालक खूश झाले.

दुसऱ्या दिवशी पंधरावं पान आलं. वाक्य तिथे पुरं होत होतं: अमुक जाडीच्या केबलीला अमुक मीटरपर्यंतच. खाली तक्ता होता. त्याखाली असंही होतं की त्या मर्यादेपर्यंत चित्र उत्तम दिसेल आणि ती ओलांडली की अचानक नाहीसं होईल. अधलीमधली अवस्था जवळजवळ नाही. साहेबांचा वाव मी गुपचूप फूटपट्टीने मोजला होता. गुणाकार केला. शंभर वाव तक्त्याच्या बाहेर जात होते.

मी ते पान म्हणून दाखवलं. साहेबांनी डोळे उघडले.

"चुकीचं पाठ केलंत."

"नाही साहेब. हे बघा ना, छापलेलंच—"

"विलायती केबलीचं आहे ते. थंड हवेतलं. आपल्याला नक्को." त्यांनी पान माझ्या हातातून घेतलं आणि खणात टाकलं. "आणि अचानक नाहीसं होतं म्हणजे काय? चित्र आधी आजारी पडतं बाई. मुंग्या येतात, रंग उतरतो, मग जातं. तीस वर्षं बघतोय मी. परेशान होऊ नका."

त्या दिवसापासून पानं बंद झाली.

माझं काय पणाला लागलं होतं ते इथे सांगते. सहा महिने मी कच्ची नोकर होते. वडिलांनी निघतानाच सांगितलं होतं, "कायम केलं तर रहा. नाही केलं तर ये परत, स्थळं आलेली आहेत." त्यांच्या बोलण्यात धमकी नव्हती, त्यांना जेवढं जमत होतं तेवढं ते देत होते. माझं कायम करण्याचं पत्र टाइप होऊन साहेबांच्या टेबलावर काचेखाली पडलं होतं. सही त्यांची लागणार होती. नव्या हॉलच्या उद्घाटनाचा थेट कार्यक्रम सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच ठेवला होता आणि माझे सहा महिने त्याच दिवशी पुरे होत होते. काच मला रोज दिसत होती. मी पंधराव्या पानाविषयी मालकांकडे गेले नाही.

रियाजभाईंना मात्र सांगितलं. ते छपरावर जास्तीच्या केबलीची वेटोळी बांधत होते. एप्रिल होता, पत्र्यावर चप्पल घालूनही पाय ठरत नव्हता.

"बेटी, ये जलेबियां तू बोली तो मैं नै बांधता," ते म्हणाले, "मगर बोलना तेरे कू पडेगा. मेरी कौन सुनता?"

"मी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही."

"एक बार बोली?"

"एकदा."

त्यांनी पुढची गाठ मारली.

उद्घाटनाच्या सकाळी तिन्ही चित्रं इतकी स्वच्छ आली की कंट्रोल रूममध्ये लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी एक डोळा मिटून तिन्ही पडदे पाहिले. "दोन वाव केबल असल्यासारखं चित्र आहे," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "काय उदगीरवाल्या बाई? तुमचं पंधरावं पान कुठं गेलं?" सगळे हसले. मीही हसले. कोणत्याही लांबीला ते तसंच दिसणार होतं, शेवटच्या वावापर्यंत. त्यांची नजर, जिच्यासाठी पुस्तकं कुलपात होती, ती आता पडद्यावरून काहीच ओळखू शकत नव्हती, आणि हे त्यांनाच तेवढं ठाऊक नव्हतं.

केबल तापली की नुकसान वाढतं. साडेबाराला तीन नंबरच्या चित्रात पांढरे ठिपके उडाले, साबुदाणा सांडावा तसे. कोणी काही म्हणायच्या आत पडदा काळा झाला. पाच मिनिटांनी दोन नंबर गेला, मग एक. मालक कुर्त्याच्या बाह्या सावरत धावत आले. "एमैंदी? चीफगारू, क्या हुआ?" वाहिनीवर फुलदाणीचं एक स्थिर चित्र लावून दिलं होतं आणि सगळे साहेबांकडे पाहत होते. साहेब काळ्या पडद्यासमोर एक डोळा मिटून उभे होते.

"हे आजारी कधी पडलं?" ते म्हणाले. कोणालाच नाही, पडद्याला विचारल्यासारखं.

मी रियाजभाईंना घेऊन छपरावर गेले. शौर्य बिर्य काही नव्हतं. मला वाटलं, बंद पडलेल्या स्टुडिओत कोणी कोणाला कायम करत नाही. एक नंबरची केबल साठ वावांवर ओळखून मी कटर लावला, तेवढ्यात शिडीवरून साहेबांचं डोकं वर आलं. केस विस्कटलेले, किल्ली शर्टाबाहेर लोंबत होती.

"कापू नका! एक कापली तर तिन्हींची बराबरी गेली! जन्मात जुळायची नाही परत!"

"साहेब, चित्रच नाही तर जुळवायचं काय?"

"बाई, माझा हुकूम आहे. कापायची नाही!"

"साब, उतरो," रियाजभाई म्हणाले, "पत्रा गरम है, पांव जलते."

मी कापली. चाळीस वावांचं वेटोळं पत्र्यावर पडलं. रियाजभाईंनी नव्या टोकाला कनेक्टर बसवला. त्यांचे हात घामाने घसरत होते म्हणून मी ओढणीने पुसत होते. खालून कोणीतरी ओरडलं, "आ गया! एक नंबर आ गया!" जवळ कनेक्टर तो एकच होता, त्यामुळे पाचपर्यंत सगळा कार्यक्रम एका कॅमेऱ्यावर झाला. पाहुण्यांना दाराजवळ खुर्च्या मांडून बसवलं. घरी बघणाऱ्यांना वाटलं असेल, हॉल लहान आहे.

साडेपाचला मालकांनी साहेबांना आणि मला बोलावलं. हात पाठीमागे बांधून ते फेऱ्या मारत होते.

"केबल किसने काटी? किसके ऑर्डर से?"

मी तोंड उघडलं. साहेब माझ्याआधी बोलले. "मेरे ऑर्डर से," ते शांतपणे म्हणाले. "गरमी में नुकसान बढता है. लिमिट होती है. किताब में, पंधरा नंबर के पेज पे है."

मालक थांबले. मग त्यांनी साहेबांचा हात दोन्ही हातांत धरला. "चीफगारू, आपने बचा लिया." माझ्याकडे वळून विचारलं, "ऐसा ही हुआ ना, अम्मा?"

साहेबांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. माझं पत्र होतं ते. काचेखालून काढून ते बरोबर घेऊन आले होते. मालकांच्या टेबलावर त्यांनी ते पसरलं, पेनाचं टोपण काढलं आणि पेन कागदावर धरून माझ्याकडे पाहत राहिले.

"हो सर," मी म्हटलं.

त्यांनी सही केली. पुढे लोक मला म्हणाले, माणूस तऱ्हेवाईक होता, पण मनाचा मोठा. छपरावर हुकूम मोडलेल्या मुलीला त्याच दिवशी कायम केलं. पेन किती वेळ कागदाच्या वर थांबलं होतं ते त्यांनी पाहिलेलं नाही.

बाहेर रियाजभाई दारातच होते. आतलं सगळं ऐकू येत होतं. "तू बोली नै?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"हौ," ते म्हणाले आणि अवजारांची पिशवी उचलून निघून गेले. कोपऱ्यावरच्या बूथवरून मी घरी फोन केला. वडिलांनी एकच विचारलं, "कायम?" मी हो म्हटलं. गिरणीचा आवाज येत होता, त्यामुळे पुढचं त्यांना ऐकू गेलं नाही, आणि बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत साहेब छपरावर हजर होते. हात पसरून कापलेली एक नंबरची केबल त्यांनी मोजली. लाभ, दोन, तीन. साठ भरले.

"एक नंबर साठ झाला," ते म्हणाले. "आता दोन आणि तीन पण साठ करायचे."

मला आधी वाटलं, थट्टा करताहेत. "साहेब, दोनला पंचाहत्तर लागतात. तीनला नव्वद. जास्तीचे काढले की पुरे. साठ केले तर केबल कॅमेऱ्यापर्यंत पोचणारच नाही."

"मग कॅमेरा पुढं घ्या."

"पण हॉलचं मागचं टोक दिसणार नाही कुणालाच."

"काल दिसलं काय? कार्यक्रम झाला की नाही?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. आपल्यातल्याच एका माणसाकडे पाहावं तसं पाहत होते. "बराबर म्हणजे बराबर, बाई."

मालक खाली गाडीतून उतरत होते. मी हाक मारली असती तर ते वर आले असते. माझ्याकडे पत्र होतं, मला आता सहजासहजी कोणी काढू शकत नव्हतं. रियाजभाईंनी कटर काढून माझ्यापुढे धरला. मी तो घेतला.

दुपारपर्यंत दोन्ही केबली कापून झाल्या. तीन नंबरची हॉलच्या दारातून आत आली आणि तिथेच लोंबत राहिली. चार माणसांनी कॅमेरा उचलून दाराशी आणला, मग दोन नंबरचाही आणला. दोनशे फूट लांब हॉलच्या एका कोपऱ्यात तिन्ही कॅमेरे खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि कंट्रोल रूममध्ये तीन पडद्यांवर एकच रिकामी खुर्ची दिसू लागली. साहेबांनी एकामागून एक तिन्ही पडद्यांकडे पाहिलं.

"आता कसं बराबर आलं," ते म्हणाले. "काय बाई?"

मी कायम झाले होते. मी म्हटलं, "हो साहेब."